भांगाचा मासा

ह्यांची कारखान्यातली नोकरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी घरात खोकी आली. समुद्राकाठच्या पाम गावातल्या या दोन खोल्यांत आमची सत्तावीस वर्षं गेली. ह्यांनी ती आठवडाभरात बांधून टाकली. भांडी, विळी, पाटा, खवणी, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळीच्या गाठी. महिनाअखेरचा टेम्पोही सांगून झाला. मला कुणी विचारलं नाही. नोकरी संपली की माणूस गावी जातो, घाटावर जतकडे, यात विचारायचं काय?

"मी येणार नाही," मी म्हणाले.

"इथं आपलं काय आहे?"

"समुद्र आहे." रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं.

हे खो खो हसले. "अगं, सत्तावीस वर्षांत एक मासा तरी धरलास का? दारावर येईल ते म्हावरं विकत घेणारी तू!"

ते हसणं मला फार झोंबलं. मी म्हटलं, "टेम्पो यायच्या आत धरून दाखवते. माझ्या हातानं. धरला तर खोकी सोडायची."

"आणि नाही धरला तर?"

"तर गुमान टेम्पोत बसेन. गाव येईस्तोवर एक शब्द बोलणार नाही."

हे लगेच तयार झाले. दुसरा भाग त्यांना जास्त आवडला असावा.

बाजारातून गळ, नायलॉनची दोरी आणि शिशाचे गोळे आणले. दोरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळली आणि किनाऱ्यावर गेले. तिथे एक म्हातारे कोळी कायम जाळं शिवत बसलेले असतात. त्यांना विचारलं, मासा कधी मिळेल?

"पुनवेला ये सकालची. उधान हाय, पान्याला जोर असते," ते म्हणाले. मग माझ्या बाटलीकडे बघून हसले. "पन थंडी लय हाय, बाय. मासा खोल गेला. तुला नाय गावायचा."

पौर्णिमेला पहाटे गेले. पौषातली थंडी, पाण्यात पाय घातला तर कळ डोक्यात गेली. पाणी गढूळ आणि त्याला ओढ एवढी की शिसं जागेवर थांबेना. दोनदा गळ खडकात अडकून तुटला, बोटं बधिर होऊन गाठ मारता येईना. तीन दिवस हेच. घरी आले की हे चहा पुढे करत आणि खोक्यांच्या गाठी आवळत.

चौथ्या दिवशी मला माझाच राग आला. मी घाटावरची, शेळ्या राखलेली. थंडीत शेळी कुठे जाते हे मला कुणी शिकवायला नको. ती ऊन बघते, तापलेल्या भिंतीला अंग लावून उभी राहते. मासा काय वेगळ्या हाडामांसाचा आहे?

म्हणून ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास गेले. ओहोटीनं काळा खडक उघडा पडला होता. हात लावून बघितला तर तापू लागलेला. खडकातल्या डबक्यातलं पाणी पहाटे बर्फ होतं, ते आता कोमट व्हायला लागलेलं. मग भरती लागली. पाणी त्या तापलेल्या खडकावरून हळूहळू चढू लागलं आणि त्याच्या कडेनं बारीक मासोळी झुंडीनं आत आली. मोठा मासा या मासोळीमागून येणार, एवढं तर मलाही कळतं. मात्र खडक पुरता तापल्यावर, भर दुपारी ओहोटी संपून संध्याकाळपर्यंत पाणी चढत राहील, असा दिवस यायला अष्टमी उजाडणार होती.

अष्टमीला म्हाताऱ्यांनी मला बघून कपाळाला हात लावला. "आज भांग हाय, बाय! पानी मेलेलं. भांगाला आमी जाली वालत घालतो."

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांचं जाळं खुंटांना बांधलेलं असतं, पाण्याला ओढ असेल तरच मासा त्यात शिरतो. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी, तेव्हा ओढ नसते. म्हणून भांगाला मासा नाही, हे त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. पण माझ्या हातात जाळं नव्हतं. मला ओढ नकोच होती. पाणी संथ म्हणून शिसं जागेवर बसलं, आणि गढूळपणा खाली बसल्यामुळे वीतभर खाली गळाला लावलेली कोळंबी मला वरून दिसत होती. मला दिसते तर माशाला का दिसू नये?

तुकडा अगदी छोटा लावला होता. थंडीत मोठा घास कोण खातो? दोरी बोटावर घेऊन खडकावर बसले. ऊन पाठीवर घेत तास गेला, दीड तास गेला. मग दोरी जड झाली. झटका नाही, ओढ नाही, नुसती जड. पुन्हा खडकात अडकला म्हणून मी शिवी घालणार, एवढ्यात तो खडक बाजूला सरकला.

ओढताना बोट कापलं, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, पण दोरी सोडली नाही. तांबोशी होती. लालसर, हातभर नाही, पण दीड वीत नक्की. म्हातारे जाळं टाकून उठून आले. त्यांनी मासा बघितला, पाणी बघितलं, मग आकाशात बघून तिथी मोजली. "भांगाला?" एवढंच म्हणाले.

"भांगालाच," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. मासा त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला. त्यांनी तो उलटून बघितला. मग म्हणाले, "एका माशावर इथं राहायचं?"

"उद्या नवमी आहे. पाणी तासभर उशिरा चढेल. उद्या दुसरा आणते."

मासा कापायला विळी हवी होती. विळी खोक्यात होती. सुरी घेऊन मी सुतळी कापली आणि विळी काढली. वाटणाला पाटा लागणार, म्हणून दुसरं खोकं फोडलं. खोबऱ्याला खवणी, म्हणून तिसरं. चौथ्यातलं मला काहीच नको होतं. तेही फोडलं.