तिचं वाक्य पुरं व्हायचंय

माझ्या सुनेला ते नाटक सोड म्हणून सांगणारे आमच्याकडे कमी नव्हते. मुलगा म्हणाला सोड. जाऊबाई म्हणाल्या सोड. कॉलेजातल्या मैत्रिणींनी फोन करून सांगितलं, सोड. मी तेवढी गप्प होते. गप्प राहणं मला जमतं. पण बाई गप्प बसली की लोक तिचा होकार धरतात, आणि तो दरवेळी होकार नसतो. म्हणून हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

सून बारामतीला बी.एड. करते. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. मुलगा लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जातो आणि घरची पेरूची बाग मी बघते. बी.एड.च्या पोरींना शाळेत जाऊन शिकवावं लागतं. तिला इंदापूरकडची एक शाळा मिळाली, नववीचा वर्ग. सगळ्यात शेवटी एक मोठा पाठ असतो. कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर बसून तो तपासतात. तो पास झाला तर शिक्षिका, नाहीतर सगळं पुन्हा. त्या पाठासाठी तिने पुस्तकातला एका जुन्या नाटकाचा उतारा घेतला.

मी तो उतारा वाचून बघितला. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण वाचायचं मी कधी सोडलं नाही. राज्यात दुष्काळ पडलाय, राजाने धान्याची कोठारं बंद करून ठेवलीत, आणि राणी भर दरबारात उभी राहून त्याला जाब विचारते, एवढी गोष्ट. पण एकेक वाक्य बांधाएवढं लांब. सुरुवात कुठं झाली ते शेवटापर्यंत आठवत नाही. शब्द असे की आमच्याकडे कुणी जन्मात बोललं नसेल.

"एवढं अवघड कशाला घेतलंस?" मी विचारलं.

"आत्या, सगळे हा उतारा पोरांना गाइडमधून लिहून देतात," ती म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "शिकवत कुणीच न्हाय. मी शिकवणार."

मोठ्या पाठाच्या आधी तिने वर्गात तो एकदा शिकवून बघितला. फळ्यावर अवघड शब्द एका बाजूला, अर्थ दुसऱ्या बाजूला. मग एकेकाला उभं करून वाचायला लावलं. पोरं अडखळत वाचत होती, बाकीची खिडकीतून बाहेर बघत होती. ऊसतोडीच्या गाड्या जात होत्या त्या बघत होती. एका पोरीने हात वर केला. हिला वाटलं, आता काहीतरी विचारणार. पोरगी म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला किती मार्कांना हाय?"

घरी येऊन सून चुलीपुढं बसून रडली. मुलगा म्हणाला, "सोपी कविता घे की एखादी. मॅडम काय तुला नाटकासाठी जास्तीचे मार्क देणार हायेत व्हय?"

जाऊबाई भाजी न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, राजाराणीचं काय करायचंय तुला? तुझं तुला कळंना, तर त्या पोरांना काय कळंल?"

सून डोळे पुसून उठली आणि पीठ मळायला बसली. पण पीठ असं आपटत होती की मला कळलं, ही सोडणार नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बागेत पेरूला पिशव्या बांधत होतो. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वरून पिशवी घालावी लागते. हात चालू असले की मला बोलता येतं. मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं.

माझं माहेर कन्हेरीकडचं. यात्रेला गावातली माणसं नाटक बसवायची. वडील राजा व्हायचे. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. मी तिसरी-चौथीत होते, मी त्यांना वाचून दाखवायची. ते बैलांना वैरण टाकता टाकता ऐकायचे. शब्दाचा अर्थ त्यांनी मला कधी विचारला नाही, आणि विचारला असता तरी मला कुठं येत होता. ते विचारायचे, "हे मी कुणाला बोलतोय? चिडून का विनवून? तो म्होरला काय करतोय तवर?" एवढं कळलं की ते वाक्य तोंडात बसवायचे.

"आणि पाठ व्हायचं?" सुनेने विचारलं.

"व्हायचं. चुकायचं बी. मदीच दुसऱ्या नाटकातलं वाक्य यायचं. कुणाला कळतंय!"

ती हसली. मग मी तिला बक्षिसाचं सांगितलं. आमच्याकडे यात्रेच्या नाटकात कुणी झकास बोललं की बघणाऱ्यांतला एखादा उठून सरळ स्टेजवर जातो. नारळ, फेटा, जे काय असेल ते देतो. नाटक थांबतं, माइकवर त्याचं नाव पुकारतात, नट हात जोडतो, आणि मग नाटक पुढं सुरू. एका वर्षी वडील राजा होऊन मरायला पडले होते. तेवढ्यात कुणी नारळ घेऊन आला. वडील उठून बसले, नारळ घेतला, रामराम घातला आणि परत मरून पडले.

"मग नाटक मोडत न्हवतं?"

"कशाला मोडंल? राजा मरतोय हे लोकांना म्हाईतच असतंय की."

ती पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, मी पोरांना अर्थ सांगायचाच न्हाय आधी. आधी दरबार भरवते."

मी म्हणाले, "मॅडम रागावतील."

"रागावू द्या," ती म्हणाली.

पाठाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. जायची माझी इच्छा नव्हती, शाळेत पाऊल टाकायचं म्हटलं की माझे तळवे ओले होतात. पण पुठ्ठ्याचे मुकुट, सिंहासनावर घालायची माझी जरीची साडी, मोठा तक्ता, एवढं सगळं घेऊन तिला एकटीला एसटीत चढता येईना. मुकुट मी मांडीवर धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, राज्य कुठलं म्हणायचं?" मी खिडकीकडे तोंड केलं.

शाळेत मी व्हरांड्यात दाराशेजारी बसले. तिथून वर्ग दिसत होता. मॅडम आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. नीटनेटक्या होत्या, चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. हातातल्या कागदावर कसलेतरी रकाने होते आणि त्या ते भरायच्या तयारीत होत्या.

सुनेने पुस्तकं उघडायला सांगितलीच नाहीत. माझी साडी टाकलेल्या खुर्चीवर, तिच्या सिंहासनावर, एका पोराला मुकुट घालून राजा म्हणून बसवलं. ती म्हणाली, "राज्यात पाऊस न्हाय. लोकांच्या घरात दाणा न्हाय. राजाच्या कोठारात धान्य भरलेलं हाय आणि दाराला कुलूप हाय. आता राजासमोर जाऊन बोलायचंय. कोण बोलणार?"

कुणी हात वर केला नाही. मग मार्कांचं विचारणारी तीच पोरगी उठली. बारीक, लांब वेणीची. म्हणाली, "मी बोलते, पण राजाला खाली मान घालून बसवा. तो बघायला लागला की मला हसू येतंय."

सगळा वर्ग हसला. राजाने मान खाली घातली.

सून राणीचं एकेक वाक्य आधी स्वतः म्हणायची. पण म्हणायच्या आधी सांगायची, इथं ती विनवतेय, इथं तिला राग आवरत नाही, इथं राजा उठून जायला लागलाय आणि ती त्याला थांबवतेय. मग पोरगी म्हणायची. पहिलं वाक्य तिने रडकं म्हटलं. सून म्हणाली, "अशी रडली तर राजा कुलूप काढंल का?" पोरगी जरा थांबली. मग तिने ते वाक्य परत म्हटलं, आणि मी व्हरांड्यात ताठ बसले. ते एवढं लांब वाक्य तिने कुठं मोडू दिलं नाही. राजा खरंच वर बघायला धजावेना.

पुढचं वाक्य ती अर्ध्यात होती. कोठारातला दाणा हा कुणाच्या घामाचा, असं काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात मुलींच्या बाकावरून एक जाडजूड पोरगी उठली, सिंहासनापर्यंत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "राणीसाहेबांच्या बोलण्यावर खूश होऊन, मुलींच्या शेवटच्या बाकाकडून एक पेरू बक्षीस!"

आणि दप्तरातला पेरू तिने राणीच्या हातात दिला.

राणी थांबली. तिने पेरू घेतला, दोन्ही हात जोडले, वर्गाकडे वळून मान लववली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक पोरगा ओरडला, "आमच्याकडून एक पेन!"

सुनेने पोरांना बक्षिसाचं काही सांगितलेलं नव्हतं. ती पोरं पण आमच्याच यात्रांतली. नाटक म्हटलं की बक्षीस असतं, एवढं त्यांना माहीत. त्यांनी वर्ग मोडला नव्हता, त्यांना नाटक आवडलं होतं. पण हे मॅडमना कोण सांगणार?

मॅडम उभ्या राहिल्या. "थांबवा हे. हा वर्ग आहे की जत्रा?"

टाळ्या बंद झाल्या. राणी पेरू हातात धरून तशीच उभी. तिचा चेहरा पडला. सून खडू हातात घेऊन फळ्याजवळ होती. मला वाटलं, आता ही माफी मागणार आणि पुस्तकं उघडायला सांगणार. मी असते तर तेच केलं असतं.

ती म्हणाली, "मॅडम, तिचं वाक्य पुरं व्हायचंय."

आवाज चढवला नव्हता. सुनेने पोरीकडे बघून मान हलवली. पोरीने पेरू सिंहासनावर ठेवला, आणि ज्या शब्दावर थांबली होती बरोबर त्याच शब्दापासून वाक्य उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. वर्गात कुणी हललं नाही. मॅडम खाली बसल्या.

पाठ संपल्यावर त्या दोघी बाहेर व्हरांड्यात आल्या. मला उठून जायला जागाच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "शब्दार्थ नाहीत. प्रश्न नाहीत. वर्गावर नियंत्रण नाही. मी यात काय भरू सांगा. पाठ पुन्हा घ्यावा लागेल. आणि या वेळी दुसरा घ्या, कविता घ्या एखादी."

"पुन्हा घेते," सून म्हणाली. "पण हाच घेणार."

"हट्ट करू नका. पुन्हा असंच झालं तर वर्ष जाईल."

मग त्यांना मी दिसले. मांडीवर मुकुट होते. "तुम्ही आई का यांच्या?"

"सासू."

"समजवा जरा यांना."

मी परक्या माणसाशी बोलत नाही. दुकानात सुद्धा वस्तूकडे बोट दाखवते. पदर दातात धरावा असं वाटत होतं. पण मॅडम उत्तराची वाट बघत होत्या, आणि गप्प बसले असते तर त्यांनी तो माझा होकार धरला असता.

"न्हाय समजवणार," मी म्हणाले. "राणी कुणाला बोलतीय आणि कशापायी, ते त्या पोरांना कळलंय. आता हिनं दुसरं घेतलं तर पोरं म्हणतील, ह्यांनी बी सोडलं. तुमी वर्ष घालवा. आमी परत फी भरू."

एवढं बोलून मी मुकुट पिशवीत भरायला लागले. सून माझ्याकडे अशी बघत होती की मला हसूही येईना आणि रडूही येईना. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

दुसऱ्या पाठाला मी नव्हते. सुनेने सांगितलं ते असं, की या वेळी पोरांनीच शब्दांचे अर्थ विचारले. राजा झालेल्या पोराला राणीला उलट उत्तर द्यायचं होतं, आणि ती नेमकं काय बोलली ते कळल्याशिवाय त्याला ते देता येईना. तो म्हणाला, "मॅडम, हिनं मला शिवी दिली का मान दिला, तेवढं आधी सांगा." सुनेने फळ्यावर शब्द लिहिले, प्रश्न विचारले, मॅडमचे रकाने भरतील तेवढं सगळं केलं. पण आधी दरबार भरवला. बक्षीस द्यायचं असेल तर वाक्य संपल्यावर द्या, एवढंच पोरांना सांगून ठेवलं. पोरांनी दिलं. मॅडम मागच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी थांबवलं नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत.

पास केलं. श्रेणी सगळ्यात खालची.

मुलगा म्हणाला, "पास झाली ना, मग झालं." तो पेढे आणायला गेला. जाऊबाई बागेत आल्या, आम्ही पेरू क्रेटमध्ये भरत होतो. त्यांनी एक पेरू उचलून बघितला. मग म्हणाल्या, "एवढा आटापिटा करून खालचीच मिळाली व्हय? तवाच कविता घेतली असती तर वरची मिळाली असती."

सून काही बोलणार होती. तिच्या आधी मी बोलले.

"मिळाली असती," मी म्हणाले. "धरा क्रेट तिकडनं."