जत्रेतला उताणा नकाशा

आमच्या गावची जत्रा माळावर भरते. एका टोकाला बैलबाजार, दुसऱ्या टोकाला तमाशाचा तंबू आणि मधे भांड्यांची, बांगड्यांची, मिठाईची दुकानं नि पाळणे. सगळं पायी फिरायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो आणि तरी काहीतरी बघायचं राहतंच. अशा जत्रेत माझ्या लहानपणी कुणी फार वेळ चुकलेलं राहत नसे, कारण माईक माझ्या वडिलांच्या हातात असायचा. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि जत्रेपुरते ते सगळ्यांचेच आबा होते.

माईकवर त्यांना कुणी बसवलं हे मला आजही माहीत नाही. एकदा बसले ते वीस-पंचवीस वर्षं उठले नाहीत, एवढं खरं. आवाज खणखणीत. माळाच्या कुठल्याही टोकाला उभं राहा, आबा कानाशीच बोलतायत असं वाटायचं. वाट सांगताना ते डावीकडं-उजवीकडं कधी म्हणायचे नाहीत. माणूस फिरला की डावं-उजवं फिरतं, उगवत काही फिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळा हिशेब उगवतीला, मावळतीला आणि झाडांवरून.

आणि त्यांना विचारायचे लोक तरी काय? दुकानं कुणी विचारत नसे. विचारायचे ते तळ. आमच्या जत्रेत दर गावाची जागा ठरलेली आहे. हट्ट्याचे लोक जोडलिंबाखाली उतरणार, गोरेगावचे विहिरीच्या मावळतीला, नरसीचे जुन्या चिंचेखाली. पुढं बैलगाड्यांच्या जागी जीप आल्या, टेम्पो आले, पण तळ हलले नाहीत. लेकी-सुना सासरच्या लोकांबरोबर जत्रेला यायच्या आणि पोचल्या पोचल्या माहेरचा तळ शोधायला निघायच्या. तिथं आई भेटणार, भाऊ भेटणार, माहेरची भाकरी खायला मिळणार, मग बांगड्या आणि मिठाई. पण दुकानांच्या रांगा दर साली वेगळ्या लागायच्या, झाडं कनातींमागं दडायची, आणि नव्या नवऱ्या भांबावून माईकपाशी येऊन उभ्या राहायच्या. आबा त्यांचं नाव विचारत नसत. कुणाची लेक, कुठं दिली, एवढं विचारायचे आणि वाट सांगायचे.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. आबांच्या घशात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, त्यांनी माझ्या जुन्या सामानातली पाटी हुडकून काढली आणि तिच्यावर लिहून बोलायला लागले. सुरुवातीला लिहायचे बरंच. मग दिवसाला दोन-तीन ओळी. मग पाटी कोनाड्यातच राहायला लागली. जत्रा जवळ आली तेव्हा मी विषय काढला, तर त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘मुक्यानं जत्रंत काहून जावं?’ लिहून लगेच पुसूनही टाकलं.

त्या दिवशी माय मला गोठ्यात घेऊन गेली. माझी माय फार बोलणारी बाई नव्हती. ती म्हणाली, “तुझ्या बापाला जत्रंत ने. यंदा घरात बसला तर मग तो कायमचाच बसला म्हून समज.”

मी तेव्हा हिंगोलीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. एका खोलीत चार कॉम्प्युटर आणि वीज गेली की बाहेर ओट्यावर बसून शिकवणी. मी स्वतःला फार हुशार समजायचो, हेही इथं सांगून टाकतो. मायच्या बोलण्यावर मी विचार केला की आबा जत्रेत बोलू शकत नाहीत ना, मग मी जत्रेचा नकाशाच बोलता करतो. पडद्यावर सगळा माळ दिसेल, हव्या त्या ठिकाणी माऊसनं दाबलं की आपण उभे आहोत तिथून वाट लुकलुकत निघेल आणि आवाज येईल. आबांना त्याच्याशेजारी बसवायचं. शहरात मोठ्या प्रदर्शनात असं काहीतरी पाहिलं होतं, आणि मला वाटलं आपणही करू, त्यात काय एवढं.

टेप घेऊन माळ मोजला. दुकानांच्या रांगांना नंबर दिले. वाहनतळ, पोलीस मदत केंद्र, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार अशी सगळी ठिकाणं टाकली. प्रवेशद्वाराशी एक लाल टिकली काढली आणि लिहिलं, ‘आपण येथे आहात’. सूचना माझ्याच आवाजात, अगदी बातम्या वाचल्यासारख्या: ‘सरळ ऐंशी मीटर चालावे व उजवीकडे वळावे.’ महिनाभर खपलो आणि घरी आणून आबांना दाखवलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, एकदा ऐकलं, पाटीवर लिहिलं, ‘चांगलं हाय’, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मला असा राग आला म्हणून सांगू! एवढी मेहनत करायची आणि वर ‘चांगलं हाय’. त्या रागात जत्रेच्या पहिल्या दिवशी त्यांना चला असंही म्हटलं नाही. एकटाच गेलो.

जत्रेच्या कमिटीनं वेशीजवळ, प्रवेशद्वाराशीच, मांडव दिला होता, तमाशाच्या जनरेटरवरून वायर ओढली होती. टेबलावर मॉनिटर मांडून मी बाजूला टेचात उभा राहिलो. गर्दी झाली, नाही असं नाही. अर्ध्या तासानं एकानं विचारलं, पिच्चर कवा लागणार? लागणार नाही म्हटल्यावर निम्मी गर्दी पांगली. उरलेल्यांना मी टिकली दाखवून सांगितलं की आपण इथं आहोत. एक म्हातारा म्हणाला, मी तर हितं उभा हाय. तो माझी थट्टा करत होता की खरंच सांगत होता, ते मला अजून कळलेलं नाही. मग लहान लेकरू काखेत घेतलेली एक सून आली आणि तिनं हट्ट्याचा तळ विचारला. मी तिला अंदाजानं रांग क्रमांक चौदा सांगून बघितलं. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर डॉक्टर वाईट बातमी सांगण्यापूर्वी वापरतात. मग तिनं विचारलं, “आबा कुठं हायेत?”

दुपारपर्यंत हेच. जो येईल तो आबा कुठं म्हणून विचारी. कमिटीचे अध्यक्ष येऊन हळूच सांगून गेले की उद्या हे टेबल जरा मागं सरकवू, वेशीत दाटी होते. मी मोटारसायकलला किक मारली आणि घरी आलो. आबा ओसरीवर वाख वळत बसले होते. माझा तोल गेला. मी म्हणालो, “बसा तुमी घरात दोऱ्या वळत. तिथं लोक तुमाला शोधून राहिले आन् मी येड्यावानी उभा हाय.”

माय दारात आली. मला वाटलं, झालं, आता आणखी बिघडवलं मी. आबांनी वाख बाजूला ठेवला, आत जाऊन पाटी आणली आणि लिहिलं, ‘काय इचारून राहिले?’ मी सांगितलं, माहेरचे तळ. त्यांनी कपाळाला हात लावला. तळच टाकले नाहीत? असं ते न लिहिताच मला म्हणाले. मग खुंटीवरचा रुमाल डोक्याला गुंडाळला, पाटी काखेत मारली आणि माझ्या मागं गाडीवर बसले. समजूत घालून जे झालं नसतं ते माझ्या चुकीनं झालं होतं. चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मांडवात आल्यावर आबांनी आधी पडद्याकडं पाहिलं, मग मान वळवून उगवतीकडं, मग परत पडद्याकडं. नंतर त्यांनी मॉनिटर दोन्ही हातांनी धरला आणि चक्क पाठीवर उताणा निजवला. मी ओरडलोच, त्याच्या मागच्या जाळीतून गरम हवा निघते, बंद पडेल. त्यांनी बाहेरच्या चुलीपाशी पडलेल्या चार विटा आणून मॉनिटर त्यांच्यावर टेकवला, जाळी मोकळी राहिली. वरच्या उजेडानं पडदा चमकायला लागला तर घोंगडी ताणून सावली केली. आणि मग तो जडशीळ डबा इंच इंच फिरवत राहिले, नकाशातली उगवत माळावरच्या उगवतीशी बराबर येईपर्यंत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं लोक नकाशा पाहतात तो शेतमोजणीच्या वेळी. मोजणीदार तो भुईवर पसरतो, दिशेला लावतो आणि सगळे गोल बसून बोट ठेवतात. बांध तिकडं म्हणजे कागदावरही तिकडंच. उभा नकाशा, वर उत्तर, हे फक्त शाळेच्या भिंतीवर. मी महिनाभर त्या भिंतीवरचाच नकाशा काढत बसलो होतो. आमच्याकडं न शिकलेल्या माणसालाही नकाशा कळतो, फक्त तो निजलेला पाहिजे, हे मला आमच्याच शेताच्या मोजणीला उभं राहूनही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जत्रा जागी व्हायच्या आत, रात्री कॉम्प्युटर ठेवला होता त्या शाळेच्या खोलीत आम्ही बसलो. आबा पाटीवर एकेक तळ लिहीत गेले आणि मी टाकत गेलो. गावं, वाड्या, तांडे, कुणाचं झाड कोणतं, कुणाचा दगड कोणता. पाटी भरायची, पुसली जायची, पुन्हा भरायची. त्या दोन-तीन तासांत ते जेवढं लिहीत होते तेवढं ऑपरेशनपासून लिहिलं नसेल. मग आवाज. मी हेडफोनच्या माईकमध्ये बोलायला लागलो की ते ऐकायचे, आणि ‘मीटर’ म्हटलं की टेबलावर थाप मारायचे. ‘वळावे’ म्हटलं की पुन्हा थाप. कुठं थांबायचं ते हात वर करून दाखवायचे, कुठं लांबवायचं ते हवेत बोट ओढून. एकेक वाक्य मी पाच-पाच वेळा बोललो. शेवटी वैतागून मी त्यांचीच नक्कल करत म्हणालो, “हट्ट्याची लेक हायेस ना? मंग उगवतीला धर बाई, पाळण्याच्या मागं जोडलिंब हाय, तिथं तुजी माय वाट पाहून राहिली.” मला वाटलं, आता चिडतील. ते हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी मान डोलावली, हेच राहू दे.

त्या दिवशी मांडवात जी मजा आली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. विहिरीभोवती जमावं तशा बाया त्या उताण्या पडद्याभोवती जमल्या. माऊस कुणी धरला नाही. काचेवर बोट ठेवायच्या, आणि आबा त्यांचं बोट पाहून माऊस दाबायचे. वाट लुकलुकत निघाली की त्या मान वर करून माळाकडं बघायच्या आणि चालू लागायच्या, कारण पडद्यावरची वाट खरोखरच तिकडंच गेलेली असायची. काच बोटांच्या ठशांनी इतकी भरली की आबा दर थोड्या वेळानं रुमालाच्या टोकानं पुसून घ्यायचे. एका नव्या नवरीनं नुसतं माहेरचं गाव लागतंय का बघायला तीनदा दाबायला लावलं. दुपारी अध्यक्ष आले, गर्दी बघून टेबल हलवायचं काही बोलले नाहीत, उलट आपल्या बायकोच्या माहेरचा तळ बघून गेले. मायही आली. ती लांब उभी राहून आबांकडं बघत होती, नकाशाकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी ती याडी आली. तांड्यातल्या वयस्क बाईला आमच्याकडं याडी म्हणतात, म्हणजे आई. डोळ्यांनी तिला कमी दिसत होतं, हातात काठी होती. तिची लेक दुसऱ्या तांड्यात दिलेली, तिला त्या तांड्याचा तळ हवा होता. मी तिला टेबलापाशी आणलं, आबांनी माऊस दाबला आणि नकाशा बोलला, तांड्याच्या तळाला निघालीस ना बाई, मावळतीला धर, पाण्याच्या टाकीच्या पल्याड पळसाखाली.

म्हातारी थबकली. मग चाचपत तिनं आबांचा खांदा धरला.

“आबा, तुमी तर पहिल्यावानीच बोलून राहिले,” ती म्हणाली. “आन् लोकं मला सांगत होते, आबाचा आवाज गेला म्हून.”

मी तोंड उघडलं. तो आवाज माझा आहे, आबा बोलत नाहीत, हे मशीन आहे, असं सगळं सांगायला उघडलं. आबांनी टेबलाखालून माझं मनगट घट्ट पकडलं. ती खांद्यावरून हात काढून निघाली, काठी टेकत मावळतीला, टाकीच्या पल्याड, बिनचूक. ती दुकानांआड होईपर्यंत आबांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी इथं लपवत नाही. दोन दिवस ऐकूनही तो आवाज कुणासारखा झालाय ते मला कळलं नव्हतं. ते त्या म्हातारीला कळलं.

मग आबांनी पाटी पुढं ओढली आणि लिहिलं, ‘परत लाव.’