ट्रकवाल्याला दिलेलं उत्तर

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या पायाशी. एकोणीस वर्षांत त्यांनी वकील, भटजी, नवरदेव, निवृत्त हेडमास्तर अशा सगळ्यांना शिकवलं होतं. एकाचाही ओरखडा गाडीवर नव्हता.

संध्याकाळी घरी जेवायला बसलं की दिवसभरातला एखादा शिकाऊ ताटाशेजारी हजर व्हायचा. कुणी वायपर लावून म्हणे डावीकडे वळतोय, कुणी गिअर टाकताना डोळे मिटून घेई. बाई नक्कल अशी हुबेहूब करायच्या की पोस्टात काउंटरवर बसणारा त्यांचा नवरा दिवसभराचा वैताग विसरून ठसका लागेपर्यंत हसायचा. सासूबाई मात्र गालातल्या गालातसुद्धा हसत नसत. जेवण झालं की ताट उचलून आत जात.

एका मंगळवारी सकाळी दहाला त्याच सासूबाई कॅनव्हासचे नवे बूट घालून ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या राहिल्या. वय एकोणसत्तर. पर्समध्ये लर्निंग लायसन्स तयार.

“आई, तुम्ही?”

“का, शिकवत नाहीस का तू?” सासूबाई म्हणाल्या. “हे गेल्यापासून ह्यांची गाडी दोन वर्षं शेडमध्ये धूळ खातेय. तुझा नवरा म्हणतो, विकून टाकू. मी म्हणते, मी चालवीन. पण त्याला इतक्यात सांगू नकोस. उगाच तोंड वेडंवाकडं करेल.”

बाईंनी सासूला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ह्याच घरात लग्न होऊन आल्यावर भांडी कुठल्या फळीवर लावायची हे ज्यांनी शिकवलं, त्यांनाच आता ‘क्लच हळू सोडा’ म्हणायचं होतं. पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्या दिवसापासून सराव झाला.

सासूबाई शिकायला चिवट होत्या. फक्त कुणी आडवं आलं की गाडी थांबवून हात करत, “या, या, जा तुम्ही आधी.” एका कुत्र्यालासुद्धा त्यांनी असंच जाऊ दिलं. आठव्या दिवशी ऐन चौकात, सिग्नल हिरवा असताना, गाडी बंद पडली. एकदा, दोनदा, तीनदा. मागे हॉर्नचा नुसता गजर. मागचा ट्रकवाला उतरून खिडकीशी आला, काहीबाही बोलला, सासूबाईंनी त्याला उत्तर दिलं आणि चौथ्या खेपेला गाडी सुरू झाली.

त्या संध्याकाळी बाईंना राहवलं नाही. नाव न घेता त्यांनी ‘एका म्हाताऱ्या बाईंची’ गोष्ट रंगवून सांगितली. थरथरणारे हात, चौकातला गोंधळ, कुत्र्याला केलेला नमस्कार. नवरा डोळे पुसत म्हणाला, “अगं, अशांना लायसन्स देतं कोण?”

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि अर्ध्या जेवणावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा झाले, त्या आल्याच नाहीत. बाई रिकाम्या गाडीत बसून राहिल्या. कधी नव्हे ते त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. दुपारी त्या तडक घरी गेल्या. सासूबाई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“आई, चुकलं माझं. तुमची थट्टा करायला नको होती.”

“थट्टेचं काय घेऊन बसलीस?” सासूबाईंनी टॉवेल झटकला. “हात थरथरत होते, ते खरंच आहे. कुत्र्याला मी नमस्कार नव्हता केला, पण तेही चालेल. पण ट्रकवाला कुठे गेला?”

“म्हणजे?”

“तो म्हणाला, ‘आजी, घरी बसायचं ना!’ आणि मी काय म्हणाले?”

बाईंना आठवलं आणि आठवताच हसू फुटलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलेच होते. आता तुम्ही दोन मिनिटं बसा.” आणि तो धिप्पाड माणूस खरोखर मुकाट्याने जाऊन ट्रकमध्ये बसला होता.

“अख्ख्या गोष्टीत तेवढंच भारी होतं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि नेमकं तेच तू गाळलंस. तुझ्या गोष्टींत शिकणारा कधी बोलतच नाही. सगळी अक्कल तुझीच.”

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. गेल्या एकोणीस वर्षांतले शिकाऊ त्यांना एकेक करून आठवू लागले. डोळे मिटणाऱ्या हेडमास्तरांनी तेव्हा म्हटलं होतं, “उघडे ठेवले तर तुमचा चेहरा दिसतो हो!” तो विनोद बाईंच्या नकलेपेक्षा सरस होता, म्हणून घरापर्यंत आलाच नव्हता.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी स्वतःच सगळं सांगितलं, ट्रकवाल्यासकट, अगदी त्याच्या आवाजात. नवऱ्याचा घास हातातच राहिला. “आई, ती म्हातारी म्हणजे तू?”

“म्हातारी कुणाला म्हणतोस रे?” असं म्हणून सासूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पोरगा चकित होऊन बघतच राहिला. गाडी विकायचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या, कारण परीक्षक सीटबेल्ट न लावता बसला आणि तो लावल्याशिवाय त्यांनी गाडी जागची हलवली नाही. तो चिडला. दुसऱ्या वेळी दुसरा परीक्षक आला, त्याने बसल्या बसल्या बेल्ट लावला आणि सासूबाई पास झाल्या.

आता दर गुरुवारी त्या दोन मैत्रिणींना घेऊन दवाखान्यात जातात आणि मग तिघी मिळून उगाचच गावाबाहेर एक फेरी मारून येतात. मागच्या आठवड्यात ब्रेकबाईंनी स्वतःच गाडी मागे घेताना आपल्याच स्कूलच्या पाटीला धडक दिली. घरी आल्या, हात धुतले, पानावर बसल्या आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, “आज एका बाईंनी काय केलं माहितेय? नाव सांगूनच सुरुवात करते.”