बेपत्ताचा रकाना

बेपत्ता म्हणजे मेलेलाच, फक्त सरकारला तसं म्हणायची लाज वाटते. हे वाक्य मी पत्रकात लिहिलं तेव्हा आमच्या गटाला फार आवडलं होतं. आम्ही नांदेडचे काही जण युद्धाच्या विरोधात प्रचार करतो. हल्ली टीव्हीवर कुठली ना कुठली लढाई चालूच असते आणि लोक क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे मेलेल्यांचे आकडे बघतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धात कुठल्या देशाचे किती सैनिक गेले याचा मोठा फ्लेक्स करून कंधारच्या बसस्टँडजवळ लावायचं ठरलं. तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

डोक्याला ताप होता नुसता. एक देश बेपत्तांना मेलेल्यांत धरतो, दुसरा वेगळं ठेवतो. कुणी छावणीत तापानं गेलेला शिपाई मोजतो, कुणी म्हणतो, त्याला गोळी कुठं लागली होती? आपली माणसं तर कित्येक तक्त्यांत ब्रिटनच्या ओळीत गुडूप. मी संतापले आणि एकदाचा निकाल लावला. बेपत्ताचा रकाना उडवला, त्यातले सगळे मृतांत ओतले.

तक्त्याच्या खाली एक चौकट होती, ‘आपल्या भागातला एक’. जळकोटकडच्या एका गावात एक आबा राहतात, त्यांचे वडील त्या लढाईवर गेले ते आलेच नाहीत, असं कळलं. पितृपंधरवडा तोंडावर होता. मी एसटी धरली.

आबा ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. ऐंशीच्या पुढचे. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी लढाया बंद करायचं काम करते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, झाली का मग एखादी बंद? त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, तोवर ह्या शेंगा तरी संपव. आत त्यांची सून हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

त्यांच्याकडं सांगण्यासारखं थोडंच होतं. वडील निजामाच्या अमलात फौजेत गेले, तिथून बोटीनं कुठंतरी पूर्वेकडं. आबा तेव्हा आईच्या पोटात. मागून सांगावा आला की माणसाचा पत्ता लागत नाही. एवढंच. मी खाली मान घालून लिहिलं, ‘लढाईत मृत’. आबांनी वाचून दाखवायला सांगितलं.

“ते खोड, माय.”

मी माझं वाक्य त्यांना ऐकवलं, सरकारच्या लाजेचं. शिवाय वडील आज असते तर शंभरी कधीच ओलांडली असती, हेही सांगितलं. शंभरी ओलांडलेल्याला तुझ्या तक्त्यात मनाई हाय का, असं त्यांनी विचारलं. मग हातातली शेंग तशीच राहिली.

“आई सवाशीण गेली माझी. भूकंपानंतरच्या साली. कपाळभर कुंकू, हिरवा चुडा. दरसाली नवमीला मी तिचं पान मांडतो. तू बाप मेला म्हनून लिवलंस, तर मी नवमी कुनाची करू?”

नवरा असताना गेलेल्या बाईचं पान पितरांत नवमीला मांडतात, एक सवाशीण जेवू घालून तिची ओटी भरतात. नवरा गेला की ती नवमी बंद होते. हे मला ठाऊक होतं, पण तक्ता करताना कशाला आठवेल? सूनबाईनं चहा देताना उरलेलं सांगितलं. लातूरला नोकरीला असलेला आबांचा थोरला मुलगा यंदा हट्टाला पेटला होता: आजोबा जिवंत कसे असतील, दोघांचं एकदमच अमावस्येला घाला आणि मोकळे व्हा. बापलेकाचं बोलणं बंद होतं. आता बसस्टँडवर टांगलेला छापील फ्लेक्स म्हणजे थोरल्याच्या बाजूचा साक्षीदार, आणि तो मी पुरवणार.

तरी मी वाद घातलाच. नवऱ्याच्या जिवावर बाईचं कुंकू ठरवणं मुळातच चूक आहे, त्यावर आमचं वेगळं पत्रक आहे, असं मी म्हणाले.

“ते बी आन की,” आबा म्हणाले, “पन नवमी झाल्यावर.”

नांदेडला येऊन मी रकाना परत घातला. गटात भांडण झालं. एवढा कडक सिद्धान्त मूठभर मुगाच्या शेंगांत विकलास, असं सगळ्यांनी मला ऐकवलं. माझं मत बदललेलं नाही. सरकारं त्या शब्दाआड लपतातच. पण लपणारं सरकार वेगळं आणि वाट बघणारी बाई वेगळी, आणि दोघं एकाच रकान्यात राहत असतील तर तो पुसायचा अधिकार मला कुणी दिला, याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नव्हतं.

नवमीच्या दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. दुपारी आबा आले. त्यांना गाडीतून घेऊन आला होता थोरलाच, तोंड पाडून. आबांची नजर काही अधू नव्हती, पण चष्मा घरी राहिला म्हणाले आणि खालची चौकट त्याला मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं वाचली. ‘बेपत्ता’ आला तिथं आबा म्हणाले, परत एकदा वाच, एसटीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई. त्यानं परत वाचला. हसू दाबताना त्याची मिशी हलली.

मग आबांनी आपली माणसं कुठं मोजलीत ते विचारलं. मूळ तक्त्यांतच ब्रिटनच्या ओळीत आहेत, मी म्हटलं.

“खाल्लं ह्या मातीतलं अन् मोजायला तिकडं व्हय?”

माझंच म्हणणं त्यांनी माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं होतं. त्यांची काठी बेपत्ताच्या रकान्यावरून एकेक देश उतरत गेली आणि रशियापाशी थांबली.

“ह्यांच्या बाया काय करत्यात गं नवमीला?”

त्यांच्यात नवमी नसते, मी म्हटलं.

“मग काय करत्यात?”

माहीत नाही, मी म्हटलं.

“एवढं देशोदेशीचं मोजलंस, अन् हे इचारलं न्हाईस?”

थोरला गाडी वळवून आला, त्यानं दोनदा हॉर्न दिला. आबांची काठी अजून रशियावरच होती.