जाजमाचा दाराकडचा कोपरा

देवासला माझ्या दारात टपालवाल्यानं कार्ड दिलं तेव्हा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. मरणाची वार्ता असली की कार्डाचा कोपरा असा फाडतात, आणि तसं कार्ड वाचायच्या आधीच माणूस खाली बसतो. मीही बसलो. अक्षर माझ्या जुन्या कचेरीतल्या ओंकारचं, वळणदार मोडी. मजकूर एवढाच, की धारच्या कचेरीतले आपले गणबा फरास परवा सकाळी गेले, आजारी असे दोनच दिवस होते, आणि जाताना तुमची आठवण काढली. मी हिला हाक मारून पाणी मागितलं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. एका फरासावर लेख लिहितो आहे म्हटल्यावर आमच्या बैठकीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, सतरंज्या झटकणारा माणूस, त्यावर काय लिहिणार?" त्यांना काय सांगू! चाळीस वर्षं मी दोन दरबारांत लेखणी झिजवली. मोठमोठे पंडित पाहिले, इंग्रजी शिकून आलेले पाहिले. पण ज्याच्यापुढे आपली अक्कल गहाण पडली असं खरोखर वाटलं, तो माणूस हा एकच. आणि त्याला सही येत नव्हती.

गणबाचे पणजोबा सरकारच्या तंबूंबरोबर दख्खनेतून आले आणि धारलाच राहिले. तंबू ठोकणं, बैठका घालणं हेच घराण्याचं काम. गणबा रोज सकाळी कचेरी झाडायचा, ते लांबलचक लाल जाजम अंथरायचा, आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवायचा. आम्ही कारकून त्यावर आपापल्या बैठ्या मेजापाशी मांडी घालून बसत असू. वरच्या अंगाला शिरस्तेदार, मग आम्ही, आणि पार दाराकडे उमेदवार. आता उमेदवार म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नसेल. त्या वेळी कचेरीत नोकरी अशी कुणी उठून देत नसे. आधी दोन-तीन वर्षं बिनपगारी बसायचं, नकला करायच्या, कागद शिवायचे, मोठ्यांचे टोमणे खायचे. जागा रिकामी झाली, की जो टिकून राहिला असेल त्याला ती मिळायची. याला म्हणायचं उमेदवारी. मीही ती तीन वर्षं केली होती, आणि त्याचा मला कोण अभिमान!

उमेदवारांचा पट माझ्याकडे असे. लागोपाठ पंधरा दिवस कुणी आला नाही, की मी त्याच्या नावावर रेघ मारायचो. आणि या रेघा पडायच्या त्या बहुतेक कुक्षी, धरमपुरी, डही अशा नर्मदेकडच्या उमेदवारांवर. दिवाळी झाली की तिकडचे दोघे-तिघे येत, महिना-दोन महिने बसत, आणि एक दिवस नाहीसे होत. गावातले मात्र चिवट. तेव्हा कचेरीत सगळे कारकून धारचेच, फार तर जवळच्या खेड्यातले. तिकडच्या मुलुखाचे कागद आमच्याकडे ढिगानं यायचे, पण तिकडचं पाहिलेला एक माणूस बसायला नव्हता.

संवत छप्पनचा दुष्काळ पडून गेला, त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. शिरस्तेदारांनी मला विचारलं, की तिकडचे उमेदवार टिकत नाहीत, तर यापुढे त्यांना घ्यावंच का? कारणांसह लिहून द्या. मी काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! "सदर परगण्यांतील लोकांस चिकाटी नाही, सबब यापुढे उमेदवार राजधानीतीलच घ्यावेत," असा मसुदा केला आणि शेजारच्या कारकुनांना मोठ्यानं वाचूनही दाखवला. चार माना डोलल्या. त्या वेळी तिकडचा एकच उमेदवार पटावर उरला होता, हा ओंकार. जातीचा माळी, विशीचा, मोडी अशी की मोत्यांचा सर. पण तोही अकरा दिवस फिरकला नव्हता. माझा कागद वर गेला असता तर त्याच्यावर रेघ पडली असतीच, आणि त्याच्यामागून येणाऱ्या सगळ्यांना दार कायमचं बंद झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी मसुद्याची नक्कल करायला आलो होतो. गणबा दारात येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, जरा बाहेर येता का? एक चीज दाखवायची आहे."

"काय रे, काम आहे मला."

"कामाचंच आहे जी. तुम्ही काल वाचलं ना, त्याचंच."

बाहेर पटांगणात उन्हात जाजम धुऊन वाळत घातलं होतं. सबंध उघडं असं मी ते प्रथमच पाहिलं. रोज आम्ही त्यावर बसलेलोच असायचो ना! गणबा दाराकडच्या टोकाला उकिडवा बसला आणि बोट ठेवून म्हणाला, "ही उमेदवारांची बाजू. आता देखा. इथं गावातले बसतात." ती जागा झिजून पांढुरकी झाली होती, ताण्याचे उभे दोरे दिसत होते. मग त्यानं बोट अगदी शेवटच्या कोपऱ्याकडे नेलं. "आणि इथं नर्मदेकडचे." तिथला लाल रंग जसाच्या तसा, काल मागावरून उतरल्यासारखा! वीस वर्षांच्या जाजमावर तेवढाच कोपरा कोरा. मी बघतच राहिलो.

"तेच तर मी म्हणतो," मी म्हणालो, "टिकत नाहीत."

"टिकत नाहीत ते खरं. का, ते विचारलं कुणी?" गणबा माझ्याकडे न बघता बोलत होता. "गावातल्याची आई दुपारी भाकरी धाडते. तो तीन काय, सहा वर्षं बसेल. ह्या लोकांना धर्मशाळेत तीन दिवस राहू देतात, चौथ्या दिवशी वळकटी बाहेर. चार कोस नाही, तीन मुक्कामांवर घर. पाऊस लागला की तो रस्ताही बंद. तुमचा ओंकार हाटात पोती उचलतोय. उचलली तर खायचं, खाल्लं तर बसायचं. मी म्हटलं, भिया, घरी जा. तर म्हणतो, काका, खाली हाथ घर कैसे जाऊँ? आता चिकाटी म्हणजे आणखी काय असते, भाऊसाहेब? मला शिकवा."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात, तसा त्यानं पुरावाच उन्हात पसरून ठेवला होता. मला एकदम माझी मामी आठवली. उमेदवारीची तीन वर्षं मी मामाकडे राहिलो. कचेरीतून आलो, की मामी गरम भातावर तूप घालून ताट पुढे करायची. एक दिवस चुकला नाही. मी मेला जन्मभर सांगत आलो, की मी चिकाटीनं नोकरी मिळवली! चिकाटी मामीची होती. मी नुसता जेवलो होतो. त्या पटांगणात मला अशी लाज वाटली, की अजूनही लिहिताना कान तापतात. हा माणूस वीस वर्षं रोज आमच्या पायाखालचं वाचत होता, आणि आम्ही त्याच जाजमावर बसून अकलेच्या गप्पा मारत होतो.

"मग काय करावं, गणबा?" मी विचारलं.

त्याचं उत्तर तयार होतं. सरकारचा दौरा नसतो तेव्हा तंबूंच्या कोठाराची पडवी रिकामी असते, तिथं ह्यांना राहू द्या. राखणदारांना सरकारातून कोरडा शिधा मिळतो, तोच ह्यांना द्या, हे कोठार राखतील. आपापली चूल मांडतील, म्हणजे कुणाच्या जातीलाही धक्का नाही. मी मसुदा फाडला आणि गणबा सांगत गेला तसा नवा लिहिला. शिरस्तेदारांनी बरीच खळखळ केली, पण शेवटी दोघांपुरती मंजुरी आली. ओंकारवर रेघ पडायला दोन दिवस उरले होते. गणबा स्वतः हाटात जाऊन त्याला पाठीवरच्या पोत्यासकट थांबवून घेऊन आला.

त्या दिवसापासून मी गणबाला "अहो" म्हणू लागलो. आठ दिवसांनी बिचारा घाबरून विचारतो, "भाऊसाहेब, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, माझं चुकलं होतं."

ओंकारला सव्वादोन वर्षांनी जागा मिळाली. पुढे मी देवासच्या नोकरीत आलो आणि धार सुटलं. सगळं जग सुधारलं असं मी म्हणत नाही. उमेदवार घेण्याची दवंडी अजून राजधानीच्याच चौकात पिटतात. डहीला ती ऐकू जाते थोडीच! पडवीतही दोघांचे फार तर चौघे झाले. पण त्यात खंड पडला नाही.

गेल्या आठवड्यात मी धारला गेलो. गणबांच्या घरी बसून आलो, मग ओंकारबरोबर कचेरीत. तो आता वरच्या अंगाला बसतो. जाजम तेच. जागोजाग तंबूच्या कापडाची ठिगळं, गणबांच्या हातच्या बारीक टाक्यांची. फक्त दाराकडच्या शेवटच्या कोपऱ्यात ठिगळ नव्हतं. तिथं तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि खालची फरशी दिसत होती. नवा फरास ओशाळून म्हणाला, "हे शिवायचंच राहिलं, साहेब."

"राहिलं नाही," ओंकार म्हणाला. "मी दोनदा सांगितलं गणबांना. शिवून देईनात. म्हणाले, हे पडायला बारा वर्षं लागलीत, राहू दे."

मी चपला बाहेर काढून आलो होतोच. त्या कोपऱ्यात जाऊन मांडी घातली. फरशी गार लागली.