गोड लागंस्तोर

त्या दुष्काळात ऊसच वाळून गेला आणि सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. दरसाल ऊसतोडीला जाणारे माझे आई-बाप शिरूर कासारजवळच्या आमच्या गावातच बसून राहिले. ताटात भाकरीचा चतकोर आणि वर मीठ असायचं. मी गूळ मागितला की आई खेकसायची, "गिळू नको रे. गोड लागंस्तोर चाव."

मला तिचा लई राग यायचा. पण चावत राहिलं की खरंच जिभेवर गोडवा उतरायचा आणि भूक तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

त्याच वर्षी विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी सांगितलं, की भाकरीतल्या पिठाची साखर करायला तोंडातली लाळच सुरुवात करते. उरलेलं काम लहान आतड्यात होतं, तिथून ती साखर रक्तात शोषली जाते आणि अंगाला ताकद येते. मी पळत घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल.

ती खुंटीला टांगलेल्या, गंज चढलेल्या कोयत्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी साखर तोंडातच व्हती. मंग आमी जलमभर कुनाच्या तोंडासाठी ऊस तोडला?"