बसल्या जागेवरून दिसलेले पाय

देव आपलं ऐकतो की नाही, हा प्रश्न लोकांना मोठ्या संकटात पडतो म्हणे. मला तो जिऱ्याच्या डब्याचं झाकण उघडताना पडला. सकाळची वेळ, चुलीवर तेल तापलेलं, सून मागच्या अंगणात, आणि माझी बोटं त्या झाकणावरून नुसती घसरत होती. झाकण माझ्याकडे बघत होतं, मी झाकणाकडे. शेवटी म्हटलं, "बा विठ्ठला, तुला मी राज्य मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. एवढं झाकण तरी उघडून दे." त्यानं काही दिलं नाही. तेल करपलं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

आमवात माझ्या अंगात शिरला त्याला आता फार वर्षं झाली. हे दुखणं तापासारखं येऊन जात नाही. ते घरजावई होऊन बसतं. सकाळी माझे डोळे आधी उघडतात, बोटं मागाहून. कोमट पाण्याच्या भगोन्यात हात बुडवून बसायचं आणि एकेका बोटाची मनधरणी करायची. मनगट रुसलेल्या जावेसारखं, आणि उजवा गुडघा म्हणजे थोरली नणंद. तिला विचारल्याशिवाय घरात पाऊलही टाकायचं नाही. पोलक्याची बटणं सून लावून देते, निऱ्याही तीच करते. बरा दिवस उगवला तर मी कोणाला सांगत नाही, दृष्ट लागते. आदिलाबादच्या डॉक्टरनं पहिल्यांदाच स्पष्ट सांगून टाकलं होतं, "अम्मा, ये जाने वाला दर्द नहीं है. दवा लेते रहो, इसके साथ रहना सीखो." गोळ्या मी घेते, एकही चुकवत नाही. सोबत राहायला मात्र शिकले नव्हते. मला वाटायचं, मी काय पाप केलं की हा सोबती माझ्याच वाट्याला आला?

खरं तर मला सगळ्यात जास्त छळत होती ती जुनी मी. डोळे मिटले की ती समोर यायची. काय बाई होती ती! लग्न होऊन पैनगंगेच्या काठच्या या गावात आली तेव्हा अंगात वारं भरलेलं. कापूस वेचायला पऱ्हाटीत शिरली की दोन्ही हात चालायचे, आणि कमरेची ओटी भरली तरी मागं वळून बघायची नाही. इतर बाया कुठवर आल्या हे मात्र तिरप्या डोळ्यानं बघून घ्यायची. भाकर अशी थापायची की परातीचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला पाहिजे. नाहीतर चांगली भाकर करून उपयोग काय, कोणाला कळणार? माघातल्या सप्ताहात तर तिचा थाट विचारूच नका. पहाटेच न्हाऊन देवळात, ओल्या केसांनी, पहिल्या रांगेत, फरशीवर मांडी ठोकून. कीर्तन कितीही लांबो, ही हलायची नाही. आरतीला मात्र सगळ्यांच्या आधी उठायची, तेही हात न टेकता. मोगऱ्याचा गजरा, टाळांचा आवाज, काल्याच्या दह्याचा वास, आणि मध्ये ही, जणू विठ्ठल हिच्याच उठण्याची वाट बघून राहिलाय. आज आठवलं की हसू येतं, आणि खोटं कशाला बोलू, तिचा हेवाही वाटतो.

आमच्याकडे एक रीत होती. देवापुढं कोणी उंचावर बसायचं नाही. पाटलीण असो की मजुरीण, बसायचं फरशीवर. ही रीत मोडणारी गावात एकच बाई, सोनाआत्या. नात्यानं आत्या कोणाचीच नव्हती, साऱ्या गावाची होती. तिचे गुडघे सुजलेले असायचे. ती घरून लाकडी पाट काखेत मारून आणायची आणि खांबाजवळ त्यावर बसायची. एकदा कीर्तन सुरू व्हायच्या आधी माझ्यातली ती वारं भरलेली बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत्या, देवाच्या बरोबरीनं बसून राह्यली का वं? आता हारही तुलेच घालाव का?" बाया फिदीफिदी हसल्या. सोनाआत्याही हसली. तोंडात दात कमी होते, पण जीभ शाबूत होती. म्हणाली, "हास बाई, हास. अन घरी गेली की तुह्या गुडघ्याइले माहा रामराम सांगजो."

सोनाआत्या गेली. तिचा रामराम पोचायला बरीच वर्षं लागली, पण पोचला.

दुखणं वाढत गेलं तसं माझं एकेक सुटत गेलं. कापूस सुटला, भाकर सुटली, पाट्यावरची चटणी सुटली. प्रत्येक वेळी मी थोडी रडले आणि थोडी चिडले. पण देवळातली ती फरशी मी सोडली नाही. सप्ताह आला की भिंतीला धरून बसायचे, सुनेचा खांदा धरून उठायचे. कोणी बघू नये म्हणून पदर सावरल्याचं नाटक करायचे. मला वाटायचं, एवढं जोवर होतंय तोवर मी देवाची आहे. हे गेलं की मग मी नुसती घरातली एक दुखणाईत म्हातारी.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात गावातल्या पोरांनी म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेला प्लास्टिकच्या लाल खुर्च्या मांडल्या. काल्याच्या दिवशी माझी सून वनिता स्वयंपाकाकडे निघाली होती. ती मुधोळची, बोलायला मऊ, पण पिच्छा सोडत नाही.

"आत्याबाई, खुर्चीवर बसा ना. आज कीर्तन लांबंल."

"खुर्चीवर तहसीलदार बसते. मी काऊन बसू?"

"सारे बसून राह्यले जी. त्या बाजूच्या काकू बसल्या, बापूराव मामा बसले."

"त्याइले म्हातारपण आलं आसंल."

"अन तुमाले?"

"मले आमवात आहे," मी म्हटलं. "म्हातारपण अजून याचं आहे."

ती कपाळाला हात लावून वरण ढवळायला गेली. मी फरशीवर बसले. बसताना गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यापुढं काजवे चमकले. त्याच क्षणी मी मनातल्या मनात देवाशी पैज लावली. म्हटलं, आज आरतीला माझी मी उठले तर मी तुझी. नाही उठले तर हे शेवटचं. पुन्हा या देवळाची पायरी चढणार नाही, घरी बसून मरणाची वाट बघेन. ही पैज मी कोणालाच सांगितली नाही. पण ती थट्टेतली नव्हती. मी थकले होते.

काल्याचं कीर्तन रंगलं. बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते आणि माझ्या मांडीखाली पाय दगड होत होते. मग हंडी फुटली, एकच गलका झाला, आणि आरतीसाठी सगळी माणसं धडाधड उभी राहिली. मी डावा हात फरशीवर टेकला. मनगटानं ऐनवेळी दगा दिला. उजवा टेकला, बोटं उलटी वळली. गुडघा जागचा हललाच नाही. आजूबाजूला लुगड्यांचे काठ, धोतरं, पोरांच्या पँटी. साऱ्या देवळात माणसं उभी, आणि मी त्यांच्या पायांच्या रानात एकटी. टाळांच्या आवाजात कोणाला हाक ऐकू जाणार? वनिता तिकडे पत्रावळीपाशी. मी पैज हरले होते. लहान मुलासारखं रडू आलं. मनात म्हटलं, एवढी वर्षं तुझ्यापुढं उभी राहिले रे, आज एकदा उठवलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

तेवढ्यात शेजारच्या दोन पायांपैकी एक पाय वाकला. मग दुसरा. एक बाई माझ्याजवळ खाली आली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. सावळी, माझ्यापेक्षा थोडी लहान, नाकात दोन्हीकडे चमकी, तेलंगी पद्धतीनं नेसलेलं साधं पातळ. मला वाटलं, आता ही काखेत हात घालून मला ओढणार. लोक तेच करतात. मायेनंच करतात, पण खांदा निखळतो. मी अंग चोरलं. तिनं ओढलं नाही. माझ्या वाकड्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "नोप्पी, अम्मा?" दुखतं का, आई. मी मान हलवली. पुन्हा हातानं उठायची खूण केली, तर तिनं तळहात खाली दाबल्यासारखा केला. "कूर्चो अम्मा, कूर्चो." बस आई, बस. आणि स्वतःच माझ्या शेजारी नीट मांडी घालून बसली. अख्खं देऊळ उभं, आणि आम्ही दोघीच खाली.

मला टाळ्या वाजवता येत नाहीत, हे तिला कसं कळलं कोण जाणे. तिनं माझा हात अलगद आपल्या मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन बोटांनी आरतीचा ठेका धरला. इतका हलका, की पिसानं वाजवावं. त्या हाताला कोणी दुखवल्याशिवाय शिवलं, याला किती काळ लोटला होता!

मग तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. मी बघितलं. माणसांच्या पायांमधून एक फट पडली होती, आणि त्या फटीतून विठ्ठलाचे पाय दिसत होते. फक्त पाय आणि खालची वीट. मुखवटा नाही, हार नाही, जरीचा शेला नाही. इतकी वर्षं पहिल्या रांगेत उभी राहून मी त्याचं तोंड बघत आले होते, आणि मनात हेही, की तो माझ्याकडे बघतोय ना. पाय कधी असे निवांत बघितलेच नव्हते. काळे, गुळगुळीत, लोकांनी डोकं टेकून झिजवलेले. आणि मला एकदम वाटलं, हा किती काळ उभा आहे! बसायला कोणी म्हटलंच नाही याला. कमरेवर हात ठेवतो ती ऐट आहे असं मी समजत होते. पण माझी कंबर धरते तेव्हा मीही अगदी अशीच उभी राहते की! रडता रडता मला हसू फुटलं. शेजारची बाईही हसली. मी का हसतेय हे तिला ठाऊक नव्हतं, तरी हसली. आणि त्या हसण्यात माझ्या आतली घट्ट आवळलेली मूठ कधी सैल झाली ते मला समजलं नाही. बोटांची नव्हे, ती तशीच होती.

आरती संपली. गर्दी पांगली तेव्हा वनिता लाल खुर्ची उचलून धावत आली. "अवो आत्याबाई, मले बोलवाचं ना!" तिनं आणि त्या बाईनं मिळून मला हळूच खुर्चीवर घेतलं. मी पदरानं तोंड पुसून मान वर केली तोवर ती बाई पंगतीच्या गर्दीत मिसळली होती. जेवणाच्या वेळी मी वनिताला तिला शोधायला सांगितलं. कोणी म्हणे, बेज्जूरकडून कोणाचे पाहुणे आले होते, त्यातली असेल. कोणी म्हणे, पाहुण्यांत तशी बाई नव्हतीच. वनितानं विचारलं, "कोन होत्या हो त्या?" मी म्हटलं, "मले तरी काय मालूम? माह्याजोळ बसली होती." त्याहून जास्त शोध मी घेतला नाही. ज्यानं पाठवायची त्यानं पाठवली. ती बेज्जूरची असली तरी मला चालतं.

दुखणं गेलं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर कोणी औषधं टाकून देवळात फरशीवर बसायचं. आजही सकाळी भगोनं लागतं, गुडघ्यातल्या नणंदेला विचारावं लागतं. फक्त डब्याचं झाकण उघडलं नाही की मी देवाशी अबोला धरत नाही, वनिताला हाक मारते. आधी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे वाकून नमस्कार करणं, आणि वाकता येत नाही म्हणून शरण जाता येत नाही. तसं नव्हतं. मी देवाकडे उठवणारा हात मागत होते, आणि त्यानं शेजारी बसणारं माणूस दिलं. जे मागितलं त्याच्यापेक्षा ते जास्त होतं, एवढं कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

या माघात सप्ताह आला तेव्हा ती हरलेली पैज सोडून देऊन मीच वनिताला म्हटलं, माझी खुर्ची घे. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना. खांबाजवळ, सोनाआत्याचा पाट असायचा तिथं, खुर्ची टाकायला लावली. पुढं फरशीवर एक नवी नवरी बसली होती, ताठ, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं माझ्याकडे वळून बघितलं, शेजारणीच्या कानाला लागली, आणि दोघी तोंडाला पदर लावून खुसखुसल्या. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजच नव्हती. मी तिच्या वयाची असताना ते जास्त झणझणीत बोलले होते. मी बोटानं जवळ बोलावलं. बिचारी घाबरत आली.

"काय जी आजी?"

"काई नाई, माय. तुह्या गुडघ्याइले माहा रामराम सांगजो."

ती गोंधळून हसली. मी पोटभर हसले. आरती सुरू झाली, सगळे उठले, समोर पुन्हा माणसांची भिंत झाली. मी खुर्चीतच थोडी वाकून फट शोधली. ते पाय तिथंच होते, विटेवर. मनात म्हटलं, देवा, माफ कर, मी बसलेलीच आहे. तू किती काळाचा उभा आहेस, मला ठाऊक आहे. शेजारी जागा आहे. दमलास तर ये, बस.